कंबर कसायची कोणी?

आज एका शब्दाबद्दल लिहायचं आहे. शब्द साधा आहे, रोजच्या बोलण्यातला आहे: कंबर.

मराठीने या एका अवयवाकडून किती कामं करून घेतली आहेत बघा. निश्चय केला की कंबर कसायची, तयारीला लागायचं की कंबर बांधायची. धीर सुटला की कंबर खचते, महागाई वाढली की गरिबाचं कंबरडं मोडतं. कोणी लाज सोडली तर त्याने कमरेचं सोडून डोक्याला गुंडाळलं असं म्हणतो. पुराचं पाणी मोजतो तेही गुडघ्याएवढं, कमरेएवढं, गळ्याएवढं असं. घरावर हुकूमत कोणाची, तर जिच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा तिची. आणि उसण भरली, की एवढंच म्हणतो, ‘कंबर धरली.’

माणसाचा निश्चय, धीर, लाज आणि अधिकार, सगळं भाषेने कमरेला बांधून ठेवलं आहे. माझं म्हणणं असं, की यातलं ‘कसणं’ आपल्या घरांत आणि आपल्या धर्माचरणात फार एका बाजूला गेलं आहे. कंबर कसायची ती बाईने. तिच्या कमरेचं पुढे काय होतं, ते विचारायचं कोणीच नाही.

आधी शब्दाची थोडी गंमत सांगते. ‘कंबर’ आपल्याकडे फारसीतून आली. मूळ शब्द ‘कमर’. फारसीत तो कमरेलाही म्हणतात आणि कमरेच्या पट्ट्यालाही. त्यामुळे ‘कंबर कसली’ म्हटलं की डोळ्यांपुढे पट्टा आवळून, तलवार लटकवून निघालेला शिपाईगडी येतो. त्याच्या आधीचा आपला शब्द म्हणजे संस्कृतातला कटि, प्राकृतात कडि. ज्या प्राकृतात आपल्या आचार्यांनी ग्रंथ रचले, त्याच भाषेतला हा शब्द. तो मराठीत अजून जिवंत आहे, फक्त एका ठिकाणी लपून बसलाय. आपण लेकराला ‘कडेवर’ घेतो ना, ती ही कड.

म्हणजे मोहिमेवर निघालेल्याच्या वाट्याला कंबर आली, आणि मूल घेऊन चुलीपुढे, विहिरीवर, शेतावर जाणाऱ्या बाईकडे कड राहिली. शिपाई मोहिमेवरून परत आला की पट्टा सोडून ठेवतो. कडेवरचं मूल खाली ठेवलं तरी बाईची कड मोकळी होत नाही. कळशी असते, धुण्याची बादली असते, नाहीतर दुसरं मूल असतं.

आता आपल्या धर्मात या कमरेला काय स्थान आहे ते आठवा. बारा भावनांतली लोकभावना आपण म्हणतो, पण तिचं चित्र डोळ्यांपुढे आणून बघतो का? हा सारा लोक कसा आहे, तर पाय फाकवून, दोन्ही हात कमरेवर ठेवून उभ्या राहिलेल्या पुरुषासारखा. उंची 14 राजू. तळाशी रुंदी 7 राजू, वर येता येता ती कमी होत मध्यलोकापाशी 1 राजू उरते. मग पुन्हा वाढत ब्रह्मलोकापाशी 5 राजू होते आणि शिखरावर परत 1 राजू. खाली नरक, वर स्वर्ग, सगळ्यांत वर सिद्धशिला. आणि कमरेच्या जागी, जिथे लोक सगळ्यांत निमुळता होतो तिथे, मध्यलोक. जंबूद्वीप तिथेच, मेरू तिथेच आणि आपण माणसंही तिथेच.

भगवान महावीरांच्या 2500व्या निर्वाण महोत्सवाच्या वेळी, म्हणजे 1974-75 मध्ये, सगळ्या संप्रदायांनी मिळून जे प्रतीक स्वीकारलं, ते गाडीच्या काचेवर, लग्नपत्रिकेवर, मंदिराच्या कमानीवर आपण रोज बघतो. त्याची बाहेरची रेषा याच लोकाकाराची आहे. मधे ती आत ओढल्यासारखी होते ना, ती विश्वाची कंबर. तुमचा-माझा पत्ता तोच.

यातला अर्थ मला फार मोलाचा वाटतो. वर स्वर्गात अपार सुख आहे, पण देवाला तिथून थेट मोक्ष नाही. खाली नरकात अपार दुःख आहे, तिथूनही मोक्ष नाही. वरच्याला आणि खालच्याला, दोघांनाही आधी माणसाच्या जन्मात यावं लागतं. सुटकेची वाट निघते ती या मधल्या, अरुंद पट्टीतून. शरीराचंही तसंच आहे. वरचा भार पेलायचा आणि खालच्या पायांना चालवायचं, दोन्ही कामं कमरेची. ती धरली की डोकं कितीही तल्लख असो आणि पाय कितीही धडधाकट असोत, माणूस अंथरुणाला खिळतो.

अशी जी मधली जागा, तिची आपल्या घरात काय अवस्था आहे?

आपल्या घरातली अहिंसा कशी पाळली जाते ते एकदा नीट बघा. धान्य निवडायचं, किडा-मुंगी दिसली तर अलगद बाजूला करायची. केर काढताना झाडू आपटायचा नाही, खाली वाकून हलक्या हाताने काढायचा. पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं, आणि फडक्यावर राहिलेली जिवाणी जिथलं पाणी तिथेच जपून सोडायची. चातुर्मासात भाजीचं पान न् पान उलटून बघायचं. सूर्यास्ताच्या आत सगळ्यांची जेवणं उरकायची, म्हणजे ऐन घाईच्या वेळी पोळ्या, भाजी, आवराआवर सगळं एकदम. मर्यादेचं पीठ पावसाळ्यात 3 दिवस, उन्हाळ्यात 5 आणि हिवाळ्यात 7 दिवस चालतं, म्हणजे दळण पुन्हा पुन्हा आलंच. यातलं प्रत्येक काम वाकून, नाहीतर उकिडवं बसून, नाहीतर तासन् तास उभं राहून होतं. प्रवचनात अहिंसा मनाची, वचनाची आणि कायेची असते. घरात ती बहुतेक कमरेची असते, आणि ती कंबर बहुतेक बाईची असते.

हा माझ्या मनाचा खेळ नाही. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत दिसलं, की ज्या बायका बिनपगारी घरकाम करतात त्या दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात घालवतात आणि जे पुरुष करतात ते 97 मिनिटं. शिवाय घरकामाला हात लावणाऱ्या बायका शंभरात 81 आणि पुरुष शंभरात 26. ही आकडेवारी साऱ्या देशाची आहे. त्यावर आपलं शोधन, गाळण आणि मर्यादा चढवा, मग आपल्या घरचा हिशेब ज्याचा त्याला मांडता येईल.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, की 2020 मध्ये जगात सुमारे 61 कोटी 90 लाख लोकांना कंबरदुखी होती, माणसाला कामातून उठवणाऱ्या दुखण्यांत ती पहिली आहे, आणि बायकांत तिचं प्रमाण जास्त आहे. तरी आपल्या घरांत कंबरदुखी हे दुखणंच धरत नाहीत. ताप आला तर बाई झोपू शकते, थर्मामीटर तिची साक्ष देतो. कमरेला साक्षीदार नाही. ‘काय झालं?’ ‘काही नाही, कंबर दुखतेय.’ ते ‘काही नाही’ बाई स्वतःच आधी म्हणून टाकते.

आणि हा प्रश्न घराच्या उंबऱ्याशी थांबत नाही, मंदिरातही येतो. साठी ओलांडलेली बाई स्वाध्यायाला येते, भिंतीकडेच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसते आणि सबंध वेळ अवघडून राहते. खुर्ची अवघड नसते, लोकांच्या नजरा अवघड असतात. ‘घरी सगळं होतं, इथे मात्र खाली बसवत नाही’, हे वाक्य तुमच्याही कानावर आलं असेल. मुनिमहाराजांना वंदन करताना आपण गवासनात बसतो. कमरेत वाकताना जिला कळ येते तिने उभ्यानेच हात जोडले, तर मागची कोपराने खुणावते. शेवटी काही जणी येणंच सोडतात. सासूबाई घरी टीव्हीवर प्रवचन ऐकतात हे आपण कौतुकाने सांगतो. त्या मंदिरात का येत नाहीत, हे विचारत नाही.

यावर एक उत्तर ठरलेलं आहे: ‘कायक्लेश हे तप आहे.’ आहेच. सहा बाह्य तपांतलं ते एक, कोण नाकारतंय? पण तप म्हणजे स्वतःहून, समजून-उमजून घेतलेलं. उपास आपण प्रत्याख्यान घेऊन करतो. घरात धान्य नाही म्हणून जो उपाशी राहिला, त्याला आपण तपस्वी म्हणत नाही, त्याला अन्नदान करतो. तोच न्याय कमरेला लावा. जिने मनाने ठरवून एका आसनात बसून सामायिक केलं, तिचं ते तप. जिला दुसरा हात मदतीला मिळाला नाही म्हणून जिची कंबर गेली, तिचा तो क्लेश आहे, कायक्लेश तप नव्हे. एकीच्या दुखण्यावर दुसऱ्याने तपाचं नाव लिहू नये.

सोळाकारण भावनांत आपण काय म्हणतो? शक्तितस्त्याग, शक्तितस्तप. त्याग शक्तीप्रमाणे, तप शक्तीप्रमाणे. शक्ती लपवायची नाही, हे तर खरंच. पण शक्तीबाहेर जायचं नाही, हाही त्या शब्दाचा अर्थ आहे, आणि आपण फक्त पहिला अर्धा भाग ऐकतो. तरुणपणी जी तीन तास चौक्यात उभी राहायची, तिची पासष्टीतली शक्ती वेगळी आहे. व्रत तेच राहील, बसण्याची रीत बदलेल. यात धर्माला उणेपणा कुठून येतो?

दुसरं उत्तर असतं, ‘आमच्या आजीने जन्मभर जात्यावर दळलं, विहिरीचं पाणी ओढलं, तिची कंबर नाही गेली.’ खरंच नाही गेली? की तिने सांगितलं नाही? आपल्या लहानपणच्या म्हाताऱ्या आठवा. त्यांतल्या कितीजणी कमरेत वाकून, काठी टेकत, जमिनीकडे बघत चालायच्या. तेव्हा आपल्याला वाटायचं, म्हातारपण असंच दिसतं. आजी कणखर होती यात शंका नाही, पण तिच्या कणखरपणाचा दाखला देऊन सुनेच्या वेदनेचं तोंड बंद करायचं, हा त्या आजीचाही मान नव्हे.

तिसरं म्हणणं जरा गंभीर आहे, म्हणून त्याचा विचार मीही केला. सवलत दिली की शिथिलता येते, आज खुर्ची, उद्या मोबाइल, परवा रात्रीभोजन. ही भीती खोटी नाही. आचार हळूहळू निसटतो हे आपण पाहतोच आहोत. पण जरा बघा, निसटतो तो कुठून? ज्या मुलीने लहानपणापासून पाहिलं, की घरातलं सारं शोधन आईच्या कमरेवर आहे आणि बाबा फक्त ‘झालं का?’ विचारतात, ती मुलगी लग्न झाल्यावर गाळणं-निवडणं सोडून देते. तिने धर्म सोडला असं आपण म्हणतो. मला वाटतं, तिने आईची कंबर पाहिली. ओझं वाटून घेतलं असतं तर आचार टिकला असता. एकाच खांबावर टेकवलेलं छप्पर आधी पडतं.

तेव्हा माझं मागणं नियम सैल करण्याचं नाही. नियम पाळणाऱ्या कमरा वाढवा, एवढंच म्हणते.

चौक्याचंच घ्या. महाराजांचा आहार दिवसातून एकदा, उभ्याने, ओंजळीत. त्यासाठी घरात पहाटेपासून धावपळ असते. पडगाहन करायला, आहार द्यायला धोतर-दुपट्टा नेसून पुरुषमंडळी उत्साहाने उभी राहतात, आणि ते बघून आनंदच होतो. मग पाणी ओढायला, गाळायला, दळायला आणि नंतर भांडी घासायलाही तीच मंडळी का नकोत? सोवळं पुरुषालाही नेसता येतं. पीठ घरघंटीचं चालतं की जात्यावरचंच हवं, हा वाद आमच्याकडे दर चातुर्मासात होतो. माझं उत्तर असं, की जात्यावरचं हवं असेल तर जात्याचा खुंटा घरातल्या तरण्याताठ्या मुलाच्या हातात द्या. दात्याच्या सात गुणांत तुष्टी आहे, क्षमाही आहे. कळा दाबत, दात आवळून उभी असलेली बाई तुष्टी कुठून आणणार? तिचा आहारदानाचा आनंद तिला मिळायचा असेल, तर तिच्या वाट्याचं ओझं दुसऱ्याने उचलायला हवं.

मंदिरात दोन-चार साध्या गोष्टी होऊ शकतात. स्वाध्यायाच्या खोलीत भिंतीशी बाक ठेवा, कोपऱ्यात टाकलेल्या खुर्च्या नकोत. बाक असला की ती बसायची जागा होते, खुर्ची असली की ती आजाऱ्याची जागा होते. ग्रंथ ठेवायला बसलेल्याच्या डोळ्यांच्या उंचीचे चौरंग करा, म्हणजे शास्त्राचा विनय राहील आणि मानही वाकणार नाही. वंदनेच्या वेळी ज्यांना वाकता येत नाही त्यांनी उभ्याने हात जोडावेत, असं ट्रस्टींनी माइकवरून एकदा सांगावं. एकदाच. मग कोणी कोणाला कोपराने खुणावणार नाही.

घरात तर त्याहून सोपं आहे. ओटा बांधताना गवंड्याला घरच्या बाईची उंची विचारायला सांगा. निवडण-टिपण जमिनीवरच का, टेबलावर ताट ठेवून का नको? केर-लादी, पाण्याचं फडकं आणि जिवाणी, भाजीचं शोधन, यांची पाळी लावा आणि त्यात मुलग्यांची नावं आधी लिहा. आणि कोणी ‘कंबर दुखतेय’ म्हटलं, तर तेल चोळण्यावर आणि ‘जरा पड’ म्हणण्यावर थांबू नका. पडल्यावर तिचं काम कोण करणार ते आधी ठरवा, नाहीतर ती पडून पडून किती पडणार? दुखणं पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील, तर पुढच्या अष्टमी-चतुर्दशीची वाट न बघता तिला डॉक्टरांकडे न्या.

वैयावृत्त्य हे आपल्याकडे अंतरंग तप आहे. थकलेल्या-आजारी साधूंची सेवा आपण मोठ्या भावाने करतो, आणि करायलाच हवी. पण चतुर्विध संघात मुनी आणि आर्यिकांबरोबर श्रावक-श्राविकाही येतात. ती श्राविका आपल्याच स्वयंपाकघरात पाठीला हात लावून उभी आहे. तिच्यासाठी काही केलं तर ते पुण्य कमी प्रतीचं ठरेल, असं मला तरी कुठल्याही प्रवचनात कोणी सांगितलेलं नाही. आपल्या त्या प्रतीकाखाली जे सूत्र लिहिलेलं असतं, त्याचा भावार्थही हाच, की जीव एकमेकांच्या आधाराने राहतात. एकेंद्रिय जिवाला जपण्यासाठी जे घर पाणी गाळतं, त्या घराने पंचेंद्रिय बाईच्या कण्यालाही जपावं.

शेवटी त्या उभं राहण्याबद्दल. कमरेवर हात ठेवून पंढरपूरला विठ्ठल उभा आहे, महाराष्ट्र त्याच्यापुढे लोटांगण घालतो. कमरेवर हात ठेवून आपला लोकपुरुष उभा आहे, आणि साऱ्या विश्वाचं रूप म्हणून आपण त्याचं चिंतन करतो. पण घरातली बाई दोन क्षण कमरेवर हात ठेवून उभी राहिली, की लगेच कोणीतरी म्हणतं, ‘काय गं, भांडायला उभी राहिलीस का?’

भांडायला नाही हो. बहुतेक वेळा तिथे दुखत असतं, म्हणून हात गेलेला असतो. आणि एखादीला खरंच भांडायचं असेल, तर तिने या एका गोष्टीसाठी जरूर भांडावं. कंबर कसायची वेळ आता घरातल्या बाकीच्यांची आहे.

जय जिनेंद्र.